दिवसभराचं जेवण

इवाई,

परवा तुम्हाला पोचवून घरात आलो तर तुमच्या बाजेच्या उशाकडच्या दोन पायांखालच्या विटा कोणीतरी काढून भिंतीशी ठेवल्या होत्या. बाज सपाट झाली होती, साऱ्या गावाच्या बाजा असतात तशी. मी यशवंताला विचारलं, "काहून काढल्या रे?" तो म्हणाला, "आता कायले पायजेत, मामा?" बरोबरच होतं पोराचं. पण मला राग आला. बाप गेलेल्या पोरावर राग काढता येत नाही, म्हणून मी त्या विटांवर जाऊन बसलो. लोकांना वाटलं, म्हातारा दमला.

गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलावं म्हणतात. ते मला जमणार नाही. आपण एकमेकांशी गोड कधी बोललो नाही, आणि आता मी गोड बोललो तर तुम्हीच विचाराल, "तब्येत बरी आहे ना, इवाई?" माझी सुगंधा तुमच्या यशवंताला दिली आणि आपण इवाई झालो त्या दिवसापासून आपली रीत ठरलेली. मांडवातच तुम्ही म्हणाले, "पोरगी चांगली देल्ली, पण बोलणं तिचं बापावर गेलं." मी म्हणालो, "मंग आयकाची सवय करा." तुम्ही ती केली. तिचंही ऐकलं, माझंही ऐकलं, आणि केलं मात्र तुमच्याच मनाचं.

तुमचं दुखणं सुरू झालं तेही आपल्या भांडणातूनच. भाकरीचा घास तुमच्या छातीत अडायला लागला. तुम्ही म्हणाले, भाकर कडक होते. मी म्हणालो, माझ्या पोरीची भाकर आजवर कोणाला कडक लागली नाही, तुमचे दात पाहा. सुगंधा बिचारी पीठ अजून मऊ मळू लागली. मग वरणात चुरलेली भाकर अडली. मग भात अडला. आपण दोघं भाकरीवरून भांडत बसलो होतो आणि खोट अन्नाच्या नळीत होती. जेव्हा पाण्याचा घोटही तुम्ही थांबून थांबून, डोळे मिटून उतरवायला लागले, तेव्हा यशवंत काही न विचारता तुम्हाला मुंबईला घेऊन गेला.

तिथून तुम्ही परत आले ते अर्धे होऊन आले. धोतराला दोन वेढे जास्त बसत होते. छातीच्या बाजूला एक लांब शिवण, पोटावर एक. मी पाहायला आलो तर तुम्ही सदरा वर करून मला दाखवलं, बाजारात बैलाचे दात दाखवतात तसं. "डॉक्टरनं कर्करोगाची नळी कापून फेकली, इवाई. आन पोटाची पिशवी वर वढून तिथं जोडली. आता माहं पोट छातीत आहे. आता जे खातो ते सरळ काळजाजवळ जाते." तुम्ही हसले. सुगंधा तोंड फिरवून आत गेली.

मला तेव्हा वाटलं होतं, संपलं. नळी कापली, रोग गेला, आता महिना-दोन महिन्यांत माणूस उठेल, गाडी जुंपेल, कापूस घेऊन महागावला जाईल. रोग काढणं हे एक काम आणि त्याच्या मागून जगणं हे दुसरं काम, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक होतं? मुंबईच्या नर्सबाईनं निघताना सांगितलं होतं, ते यशवंतानं पाठ करून आणलं होतं. थोडं थोडं खा, दिवसातून सहा वेळा खा. पुष्कळ चावा. जेवताना पाणी पिऊ नका, मागून प्या. जेवल्यावर आडवं होऊ नका. उसं उंच ठेवा, नाहीतर पोटातलं आंबट पाणी वर येऊन छातीत उतरेल. म्हणून त्या विटा. तुम्ही म्हणायचे, "उशाले निजतो आन सकाळी पायथ्याशी सापडतो. अशी घसरगुंडी तर लहानपणी नाई भेटली."

पण गाव काही नर्सबाईचं ऐकत नाही. माणूस मरणाच्या दारातून परत आला म्हणजे त्याला ताकदीचं खाऊ घालायचं, ही आपल्याकडची माया. जो येई तो काही घेऊन येई. शिरा, गुळाचा सांजा, दुधात कालवलेली साखर, केळी. आणि तुम्हाला खाताना पाहिल्याशिवाय उठत नसत. "दोन घास खाय ना, पुंजाजी, माह्यासाठी." तुम्ही खायचे. थोड्या वेळानं अंगाला घाम फुटायचा, हातपाय थरथरायचे, छाती धडधडायची, आणि मग पोटात मुरडा येऊन तुम्ही लोटा घेऊन धावायचे. घर घाबरून जायचं. कोणी म्हणालं हृदय गेलं, कोणी म्हणालं बाहेरचं लागलं. त्यावर उपाय म्हणून आणखी शिरा यायचा.

सुगंधाच्या ध्यानात आलं. कण्या खाल्ल्या की काही होत नाही, भाकर-वरण बारीक करून खाल्लं की काही होत नाही, गोड उतरलं की घाम येतो. तिनं शिरा घेऊन आलेल्या चुलत सासूला दारातच सांगितलं, "आत्याबाई, मामाजीले गोड बंद आहे. तुमची माया ओट्यावर ठेवा, आम्ही खातो." गावभर झालं, सून सासऱ्याच्या तोंडचं काढून खाते. मला कोणीतरी येऊन सांगितलं. मी म्हणालो, बोलणं बापावर गेलं आहे तिचं, करेल.

तोवर सुगंधा तुमच्यासमोर कधी उभी राहून बोलली नव्हती. सुनेनं सासऱ्याशी दाराआडून बोलायचं, पदर पुढे ओढून ताट ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. पण दिवसातून सहा वेळा कुठवर बाजूला होणार? तुम्हाला ओकारी आली तर भांडं कोण धरणार? यशवंत वावरात, इहीणबाईंना डोळ्यांनी कमी दिसतं. एके दिवशी तिनं पदर कमरेला खोचला आणि तुमच्या पाठीवर हात ठेवला. तुम्ही नंतर मला म्हणाले, "त्या दिवशी मले मेल्यासारखं झालं, इवाई. नळी कापली तवा नाई झालं." दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला "माय" म्हणून हाक मारली. तिनं "काय, बाबा?" म्हटलं. मामाजी म्हणायचं ती विसरून गेली. मला हे तिनं नाही सांगितलं, तुम्ही सांगितलं, आणि सांगताना दुसरीकडे पाहत होते. मीही दुसरीकडे पाहत होतो. तेव्हा तुम्हाला काही म्हणायला पाहिजे होतं. ते आता म्हणतो. माझ्या पोरीला तुमच्या घरात बाप भेटला.

एवढं सगळं तुम्ही निभावलं. पण एक गोष्ट तुमच्यानं निभली नाही. चारचौघांत जेवणं तुम्ही सोडून दिलं. बारसं असो की लग्न, तुम्ही आहेर द्यायचे, दोन शब्द बोलायचे आणि पानं मांडायच्या आत घरी जायचे. लोकांना वाटायचं पथ्य आहे. पथ्य नव्हतं. पानावर उरेल याची तुम्हाला भीती होती.

हे कारण आपल्या माणसालाच कळेल. छप्पन साली आपण धम्माची दीक्षा घेऊन आलो तेव्हा दोन गोष्टी ठरवल्या होत्या. कोणाचं उष्टं घ्यायचं नाही, आणि आपल्या पानावर उष्टं टाकायचं नाही. पहिली सगळ्यांनी पाळली. दुसरी बरेच जण विसरले. तुम्ही विसरले नाही. तुम्ही एकदा मला सांगितलं होतं, लहानपणी मालकाच्या वाड्यावर लग्न असलं की तुमची माय तुम्हाला घेऊन मागच्या अंगाला बसून राहायची. पंगत उठली की पत्रावळी बाहेर पडायच्या. "कोणती पत्रावळ भरेल आहे ते मले दुरून समजे, इवाई. पानाच्या वजनावरून, कशी पडते त्याच्यावरून. मोठ्या लोकायच्या पानावर पुष्कळ राहे. खाऊन राहे ते नाई, मोठं दिसाव म्हणून टाकत." म्हणून तुमचं पान नेहमी पुसल्यासारखं असायचं. आणि आता पोट राहिलं होतं मुठीएवढं. पंगतीत वाढणारा काही तुमची मूठ पाहून वाढत नाही.

तशात माझ्या धाकट्याचं लग्न ठरलं, आमच्या फुलसावंगीला. मुलीकडचे लोक ढाणकीकडचे. मी तुमच्याकडे आलो आणि म्हणालो, "पहिल्या पंगतीत माह्या उजव्या हाताले तुम्ही बसाचं."

"येतो. पण जेवणार नाई."

"जेवत नसान तर येऊ नका."

"इवाई, मी दोन घासात भरतो. पान भरेल राहते. मी उठलो तर पंगत उठीन, आन नाई उठलो तर ते पान मले खाव लागीन."

"लेकराची वाटी ठेवतो तुमच्यापुढं."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलं की वाटीचं मी तिथंच सोडलं. सगळ्यांना पान आणि तुम्हाला वाटी, हे तुम्हाला चाललं नसतं. मलाही चाललं नसतं. मी एवढंच म्हणालो, "या तर खरं. पाहू."

तुम्ही आले. माझ्या उजव्या हाताला बसले. वंदना झाली, पानं वाढायला सुरुवात झाली. वाढणाऱ्या पोरांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. पोळीचा चौथा हिस्सा, भाताचं एक बोटभर ढेकूळ, वांग्याची एक फोड, वरण ओलं होण्यापुरतं. सगळ्यांना तेवढंच. ज्याचं संपेल त्यानं मागायचं, मागेल तेवढ्या वेळा द्यायचं, पण एका वेळी तेवढंच द्यायचं. बुंदी मागितल्याशिवाय कोणाच्या पानावर पडू द्यायची नाही.

आधी लोकांना वाटलं, पोरं नवीन आहेत. मग कुजबुज सुरू झाली. मुलीच्या मामानं मोठ्यानं विचारलं, "काहो फुलसावंगीवाले, आपली पोरगी इथं देऊन राह्यलो, पोटभर खाले भेटीन ना तिले?" सगळे हसले. माझा भाऊ येऊन कानाशी म्हणाला, "दादा, इज्जत चालली. कोठीत अन्नाचे ढीग पडून आहे, वाढू दे ना पोरायले." मी म्हणालो, "वाढूनच राह्यलो ना. मागा म्हणा, भेटते." ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कोणाला आपल्या घरातलं कमी दिसू दिलं नाही, त्याच्या मांडवात त्या दिवशी लोक हात वर करून पोळी मागत होते.

तुम्ही खात होते. एक घास घ्यायचे, सावकाश चावायचे, थांबायचे. तुमचं पान आणि शेजारच्याचं पान सारखंच दिसत होतं. पंगत लांबत गेली, कारण सगळ्यांनाच मागून मागून खावं लागत होतं. मध्येच तुमचा हात थांबला. तुम्ही डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, समोरच्या ओळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला समजलं होतं. मी वरणात पोळी बुडवत राहिलो.

तुम्ही उठले, पंगत उठली. तुमचं पान कोरडं होतं.

हात धुताना तुम्ही म्हणाले, "माहं दुखणं तुम्ही चार गावच्या पानावर वाढलं, इवाई."

मी म्हणालो, "पान मी वाढलं. दुखणं तुमचं तुम्ही घेऊन आलते."

"लोकायले उपाशी ठेवलं माह्यासाठी."

"कोणी उपाशी नाई गेलं. मागून खाल्लं."

"तेच. मागून खाल्लं. आपण कायले दीक्षा घेतली होती? मागाले?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तुम्ही ओल्या हातानंच चालू पडले. निरोप घेतला नाही. सुगंधा तुमच्या मागून धावली आणि गाडीत चढून मला ओरडली, "बाबा, तुमा दोघायच्या मधात माहंच भरीत होते!"

मग बरेच दिवस तुमच्याकडून कोणी आलं नाही. मी पण गेलो नाही. सुगंधा आली की तुमचं पुसायचो, पण असं पुसायचो की जसं बैलाचं पुसतो. खाते काय? हागते काय? वजन? ती म्हणायची, "जाऊन पाहून या ना." मी म्हणायचो, "मी काहून जाऊ? मी बरोबर आहो." ती म्हणायची, "तेबी हेच म्हणते."

आणि एका सकाळी तुम्ही माझ्या दारात येऊन उतरले. आपल्या दोन गावांत दोन-अडीच कोस, पण तुमच्या शिवणीला गाडीचा एकेक धक्का कळत असेल. गाडी हाकायला यशवंत होता. त्याला तुम्ही सांगितलं, "तू वावरात जाय. दिवस कलला की घ्याले ये." मग ओट्यावर बसले आणि आत पाहून म्हणाले, "इहीणबाई, वाढा. आन भरून वाढा, जसं पयले वाढत."

सुगंधाच्या मायनं माझ्याकडे पाहिलं. तिनं जर्मनच्या मोठ्या ताटात दोन भाकरी, बेसन, वरण-भात, कांदा, सगळं वाढून तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही भाकरीचा एक कुटका मोडला. खूप वेळ चावला. दुसरा मोडला. चार-पाच घासांनी तुम्ही थांबले. मी मनात म्हटलं, आता काय करते हा माणूस?

तुम्ही ताट माझ्या बायकोकडे सरकवलं. "झाकून ठेवा, इहीणबाई. माहं जेवण झालं नाई. मी कुठी जाऊन नाई राह्यलो."

मी तोंड उघडलं, "त्या दिवशीचं जे तुम्ही म्हणाले..."

"जेवून राह्यलो ना मी?"

माझी बायको आतून म्हणाली, "जेवत्या माणसासंग भांडू नये हो. अन्न बाधते."

मग आपण ओट्यावर बसलो. कापसाचं बोललो. माझ्या बैलात तुम्ही खोट काढली, मी तुमच्या गाडीच्या चाकात. तुम्ही उठून अंगणात दहा-वीस पावलं फिरून आले, ढेकर दिला, पाणी प्यायले. ऊन कडुनिंबाच्या बुडाशी आलं तेव्हा म्हणाले, "आणा ते ताट." पुन्हा चार घास. पुन्हा झाका.

दुपारी माझ्या बायकोनं सवयीनं गुळाचा चहा आणला. तुम्ही नको म्हणाले नाही. मी पाहत होतो. थोड्या वेळानं तुमच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे झाले. मी उठायला लागलो तर तुम्ही हात धरून मला बसवलं. "बसा. हे येते आन जाते. तुम्ही फक्त बसून राहा." तुमचा हात थंड होता आणि आत काहीतरी धावत होतं. मी बसून राहिलो. तुमचं ते दुखणं मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाहिलं. लग्नात मी ते झाकलं होतं. तुम्ही माझ्या ओट्यावर ते उघडून ठेवलं, आणि तुम्हाला त्याची लाज वाटली नाही. घाम उतरला तेव्हा तुम्ही डोळे पुसले आणि म्हणाले, "चहा चांगला होता, इहीणबाई." तिला रडू आलं. तिनं लपवलं नाही.

पाहुणा येतो, जेवतो, पान-सुपारी खातो आणि जातो. त्याचं जेवण घंटाभराचं. तुम्ही एका ताटासाठी दिवसभर बसले. इतक्या वर्षांत इतका वेळ आपण सलग कधी बसलो नव्हतो. मला तेव्हा समजलं, पोट लहान झालं म्हणून माणूस लहान होत नाही, त्याला फक्त वेळ जास्त लागतो. हे मी तुम्हाला बोललो नाही. तुम्ही डोक्यावर चढून बसले असते.

नंतर तुमचं दुखणं पुन्हा उलटलं, खोकला लागला, छातीत पाणी झालं. ते दिवस मी पाहिले आहेत, पण ते मला लिहायचे नाहीत. सुगंधानं चमच्यानं कण्यांची पेज पाजली, तुम्ही "बस, माय" म्हणाले, तिनं तोंड पुसलं. एवढं पुरे.

मला तो दिवस लिहायचा होता. दिवस कलला. यशवंत वावरातून आला आणि बैल जुंपायला लागला. ताटात भाताची चार शितं आणि कांद्याची फोड राहिली होती. तुम्ही ती बोटानं गोळा करून खाल्ली, ताट वाकडं करून वरण प्यायले, आणि ताटातच हात धुतला. मग धोतराला हात पुसत माझ्याकडे वळले.

"झालं जेवण. आता भांडा, काय भांडाचं ते."

मी दिवसभर मनात मांडून ठेवलं होतं. पंगत म्हणजे पोट भरणं नाही, पोट घरीही भरते. एका माणसाला बसता येत नाही ती पंगत कशाची? आणि उपकाराचं मागणं वेगळं, आपल्या घरात आपल्या माणसाला मागणं वेगळं. सगळं तयार होतं. पण बैल जुंपलेले होते, उजेड चालला होता आणि तुमचे डोळे दमले होते.

मी म्हणालो, "आता नाई. पुढच्या खेपेले."

तुम्ही गाडीत चढले. यशवंतानं पाठीशी पोतं लावून दिलं, तुम्ही ताठ बसले. "पुढच्या खेपेले मंग. पण तयारीनं राहा, इवाई. मी बरोबर आहो."

तुम्ही बरोबर नव्हते, इवाई. हे मी मरेस्तोवर म्हणीन. फक्त ऐकून घ्यायला तुम्ही पाहिजे होते.